वणवा लागण्याआधी ग्रामसभा घ्या

भाताची झोडणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या. डोंगरावरचं गवत शेंड्याला पिवळं पडलंय, बुडाशी अजून थोडी ओल आहे. महिन्या-दीड महिन्यात तीही जाईल. मग शिमग्याच्या आगेमागे भिवंडी-वाडा रस्त्यानं रात्री जाणाऱ्याला डोंगराच्या अंगावरून तांबडी रेघ सरकताना दिसेल. दर वर्षी दिसते. एसटीत कुणीतरी म्हणतं, "रान पेटलंय," आणि बोलणं दुसऱ्या विषयावर जातं.

यंदा ती रेघ दिसू नये म्हणून हे लिहितोय. तुंगारेश्वरच्या पायथ्याची चिंबीपाडा, कुहे, लाखिवली; वर तानसेच्या काठाची वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली; इकडे पडघ्याच्या बाजूची गावं आणि या सगळ्यांचे पाडे. तुम्हा मंडळींकडे माझं एकच मागणं आहे. गवत बुडापर्यंत वाळायच्या आत एक ग्रामसभा घ्या आणि तिच्यात दोन ठराव करा. पहिला जाळरेषेचा, म्हणजे वणवा अडवायला गवत कापून मोकळा पट्टा राखण्याचा. दुसरा, सामूहिक वनहक्काचा दावा अजून केला नसेल तर तो दाखल करण्याचा. पहिल्या ठरावानं यंदाचं रान वाचेल. दुसऱ्यानं ते कुणाचं, हा प्रश्न सुटेल. आणि तो सुटत नाही तोवर पहिल्या कामाला माणसं मनापासून येत नाहीत, हे मी पुरतं ओळखून आहे.

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, गोदामं आठवतात. पण १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं या तालुक्यातली ७२ गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. म्हणजे तिथं आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. २००३ मध्ये जाहीर झालेल्या तुंगारेश्वर अभयारण्याचा, सुमारे ८५ चौरस किलोमीटर रानाचा, एक भाग आपल्या तालुक्यात येतो. हेच रान एका अंगाला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागाशी आणि दुसऱ्या अंगाला तानसा अभयारण्याशी नातं राखून आहे. बिबट्या ज्या वाटेनं इकडून तिकडे जातो ती वाट आपल्या शिवारातून जाते. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आणि त्याची जलवाहिनी आपल्याच तालुक्यातून जाते. एवढं मोलाचं रान राखणारे हात मात्र थोडे आहेत. एका वनरक्षकाकडे मोठं क्षेत्र असतं. आग लागली की तो एकटा किती धावणार?

आग लागते कशी, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि चारचौघांत कुणी बोलत नाही. विजेनं पेटलेलं रान आपल्याकडे कुणी पाहिलंय? आपल्या डोंगरात आग माणूसच लावतो. कुणी मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो. कुणी ससा किंवा डुक्कर बाहेर काढायला कड पेटवतो. कुणाचा राब भाजताना वारा फिरतो. कुणी विडीचं थोटूक टाकतं. सहलीला आलेली पोरं चूल तशीच सोडून जातात. आणि 'जाळलं की पावसाळ्यात गवत जोमानं येतं' असं मानून मुद्दाम लावणारेही आहेत. त्यांना मी खोटं पाडत नाही. पहिल्या सरीनंतर जळक्या जागेवर कोवळं गवत खरंच लवकर दिसतं. पण त्याच सरीत उघडी पडलेली माती आणि राख ओढ्यात जाते. चार-पाच वर्षं हे चाललं की उतारावर खडक वर येतो, आणि पूर्वी माघापर्यंत वाहणारा ओढा दिवाळीलाच आटतो. आपल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारा, कोणता ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा. ओढ्याचं नाव आणि महिना वहीत लिहून ठेवा. तो कागद पुढे दाव्यालाही उपयोगी पडेल.

मोहाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे आपलं आपणच नुकसान करतोय. डोंगरात मोहाची मोठी, आजोबांच्या काळची झाडं आहेत. त्यांची पिल्लं कुठे आहेत? गुडघ्याएवढा, कमरेएवढा मोह शोधून बघा, मोठ्या मुश्किलीनं एखादा सापडेल. बी पडतं, रोप उगवतं आणि पुढच्या फाल्गुनात झाडाखाली लावलेल्या आगीत जळून जातं. साग-पळसाची साल जाड, ते जळून पुन्हा फुटतात. हेद, कळंब यांच्या कोवळ्या रोपांना तेवढा दम नसतो. म्हणून दर वर्षी जळणाऱ्या रानात शेवटी साग आणि गवत एवढंच उरतं. मोहाची फुलं गोळा करायला आग लागतच नाही. झाडाखालचा पाला खराट्यानं ओढून बाजूला करा आणि जुन्या साड्या किंवा मासे धरायचं जुनं जाळं चार खुंट्यांना बांधा. फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहतं, भावही चांगला मिळतो. विदर्भात आणि मध्य प्रदेशात बायका अशी जाळी बांधून फुलं वेचतात. आपल्याकडे हे काम एका सकाळचं आहे.

राबाचंही तसंच. राब भाजू नका असं मी म्हणणार नाही. आवण टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत भाजल्याशिवाय रोप जोमदार होत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी पारखलेलं आहे. पण राब भाजायचा तर सकाळी वारा पडलेला असताना, बांधाभोवती चार हात जागा साफ करून, पाण्याचा हंडा आणि दोन माणसं जवळ ठेवून. भर दुपारी पेटवून जेवायला जाणाऱ्या माणसामुळे अख्खा डोंगर जळतो. ज्यांना राबच नको त्यांनी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा भात पद्धत पाहून यावी. गादीवाफ्यावर भाताचं बी टोकतात. नांगरट नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून राबही नाही. नेरळ आपल्यापासून लांब नाही.

आता जाळरेषा. जंगलखातं साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून आगीचा हंगाम धरतं, म्हणजे काम त्याआधी संपायला हवं. गावाची हद्द, रस्त्याची कड, बैलगाडीची वाट आणि जिथून दर वर्षी आग वर चढते ती जागा, या ठिकाणी दहा-पंधरा फूट रुंद पट्ट्यातलं गवत कापून बाहेर काढायचं. कापलेलं गवत गुरांना होतं. पट्ट्यात उरलेली बुडखी जाळायची असतील तर ती वनरक्षकाला सांगून, त्याला सोबत घेऊन, संध्याकाळी. हे काम एकट्या-दुकट्याचं नाही. घरटी एक माणूस आणि दोन-तीन दिवस धरा. पूर्वी शेजारच्याचं घर शाकारायला अख्खा पाडा जायचा, तसंच.

तरी आग लागलीच तर काय करायचं, तेही सभेतच ठरवून ठेवा. कोण कुणाला फोन करणार, कोणत्या पाड्याची पोरं कोणत्या बाजूनं चढणार, पाणी कोण आणणार. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या. एक गोष्ट पोरांना पुन्हा पुन्हा सांगा. आग उतारावर वर धावते, आणि माणसापेक्षा वेगानं धावते. आगीच्या वरच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही. बाजूनं जायचं, कडेनं हिरव्या पालेदार डहाळ्यांनी झोडपत यायचं. भर दुपारच्या वाऱ्यात धाडस करायचं नाही. रात्री आग मंदावते, तेव्हा विझवणं सोपं जातं. नायलॉनचे कपडे घालून आगीजवळ जायचं नाही. रान पुन्हा वाढेल, पोरगं पुन्हा येणार नाही.

इथं कुणीतरी म्हणेल, "हे जंगलखात्याचं रान. ते पगार घेतात, ते विझवतील." हा सूर आपल्या डोंगरात दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याला कारण आहे. १८७८ च्या वन कायद्यानं इंग्रज सरकारनं रानावर आपला शिक्का मारला. कालपर्यंत राबासाठी फांद्या तोडणारा कुळवाडी एका रात्रीत गुन्हेगार ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष पसरला की १८८५ मध्ये सरकारला त्यासाठी खास मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्या आयोगापुढचा एक मोठा प्रश्न राबाचाच होता. पुढे १९३० मध्ये उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात माणसांनी गोळ्या झेलल्या. स्वातंत्र्यानंतरही एकसाली प्लॉटवर, म्हणजे एका वर्षापुरत्या दिलेल्या वनजमिनीवर, कसणाऱ्याला वर्षानुवर्षं अतिक्रमणदार म्हटलं गेलं. ज्या रानात माणूस चोर ठरतो ते रान त्यानं का राखावं? ही तक्रार खरी होती.

पण २००६ च्या वनहक्क कायद्यानं चित्र पालटलं, आणि आपल्या तालुक्यात त्यातली अर्धीच गोष्ट पोचली. पोचली ती प्लॉटची गोष्ट. माझी किती गुंठे, तुझी किती एकर, मोजणी झाली का, कागद आला का. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली, चार हेक्टरांपर्यंतची जमीन नावावर होते, हे घरोघर माहीत झालं. त्यासाठी श्रमजीवीसारख्या संघटनांच्या मोर्चांत लोक मैलोन्‌मैल चालले. ते योग्यच होतं, पोटाचा प्रश्न होता. राहून गेली ती त्याच कायद्याच्या कलम ३(१) मधली दुसरी गोष्ट. गाव परंपरेनं जे रान वापरत आलं, त्याचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाचा आहे. एकट्या माणसाचा नव्हे, अख्ख्या ग्रामसभेचा. तो राखीव वनातही लागतो आणि अभयारण्यातही. हक्क मिळाल्यावर रानात काय करायचं, कुठे चराई बंद ठेवायची, कोणतं झाड तोडायचं नाही, हे ग्रामसभा ठरवते आणि तो ठराव सगळ्यांना पाळावा लागतो.

दावा करायला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. ग्रामसभा पाड्यापाड्याची घेता येते. सभेला निम्मी तरी माणसं हवीत आणि त्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. ही अट कागदापुरती समजू नका. सरपण, शेवळं, करटोली, वास्ते, पळसाची पानं यांसाठी रानात रोज कोण जातं? कोणत्या खोऱ्यात काय मिळतं हे त्यांनाच ठाऊक. बाया नसलेली सभा रानाबद्दल काहीच ठरवू शकत नाही. मग ग्रामसभेनं निवडलेल्या वनहक्क समितीनं जाणत्यांना घेऊन रानाची हद्द पायी फिरायची. पाणवठे, देवाची जागा, मसणवट, गुरांच्या वाटा, जुनी विहीर सगळं नकाशावर मांडायचं. निदान दोन पुरावे जोडायचे. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा धरला जातो. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियरही चालतं. नमुना 'क' भरायचा, ठराव जोडायचा, प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच नसेल तर दावा दिलाच नाही असं समजा. नाकारला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांच्या आत अपील करा.

शेजारच्या पाड्याशी हद्दीवरून वाद असेल तर तो आपसांत बसून मिटवा. एकच खोरं दोन पाडे वापरत असतील तर दोघांनी मिळून दावा करता येतो. आणि कातकऱ्यांच्या झापांवर जाऊन त्यांना सभेला बोलवा. निरोप पाठवून भागणार नाही, जाऊन बोलवा. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं वैशाखात परततात, तोवर त्यांच्या नावावाचून कागद पुरा करू नका. रानाची सर्वांत बारीक ओळख त्यांना आहे आणि गावच्या सभेत सर्वांत मागे त्यांनाच बसवलं जातं. हे बदलल्याशिवाय गाव एक झालं असं मी तरी मानणार नाही.

मेंढा-लेखाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं ते गोंडांचं छोटं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावानं वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवला. निर्णय मतदानानं नाही, सर्वांच्या संमतीनं घ्यायचा, असा नियम केला. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर रानावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचं परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. धुळ्याच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा तर कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून रान राखतंय. उघड्या पडलेल्या डोंगरावर गावानं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, मोडणाऱ्याला दंड ठेवला, सांगणाऱ्याला बक्षीस ठेवलं. सुमारे साडेचारशे हेक्टर रान उभं राहिलं, आटलेल्या विहिरींना पाणी आलं. तिथले चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण मेंढा आणि बारीपाडा यांच्या शेजारी नसलेली एक गोष्ट आपल्या शेजारी आहे, जमिनीचा भाव. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ इथली भातखाचरं आपल्या डोळ्यांदेखत गोदामांखाली गेली. आमणेपर्यंत समृद्धी महामार्ग आला, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पाही खुला झाला. आता दलालांच्या गाड्या डोंगराच्या बाजूला वळू लागल्या आहेत. मुरमासाठी टेकड्या कोरल्या जातात. जळकं, बोडकं रान ओसाड म्हणून दाखवणं सोपं असतं, हेही वणव्याच्या हिशेबात धरा.

म्हणून प्लॉटवाल्या भावाबहिणींना कळकळीनं सांगतो. वनहक्कात मिळालेली जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. कलम ४(४) मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. नवरा-बायको दोघांच्या नावे तो पट्टा असतो. कुणी साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नोटरीचा कागद असं काहीही पुढे केलं तरी सही-अंगठा करू नका. हातात पडेल ती रक्कम एका लग्नात संपेल. आणि असा कुणी पाड्यावर फिरू लागला तर गप्प राहू नका, ग्रामसभेत नाव घेऊन सांगा. ग्रामसभेच्या शब्दाला वजन असतं. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे नेला. त्या डोंगराळ खेड्यांनी एकामागून एक ठराव करून खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही. ज्या गावाची ग्रामसभा नियमित भरते, जिची वही नीट लिहिलेली असते, त्या गावाचं म्हणणं ऐकावं लागतं. जिथे सभेच्या सह्या घरोघर फिरून गोळा करतात तिथे हा कायदा कागदावरच राहतो.

पैसा कुठून आणायचा, हेही कुणी विचारेल. पेसाच्या ग्रामपंचायतींना दर वर्षी अबंध निधी येतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, तसंच वनसंवर्धन आणि जलसंधारण या बाबी त्यात नमूद आहेत. जाळरेषेची मजुरी, समितीच्या फिरण्याचा खर्च, नकाशाच्या प्रती यांची मागणी सभेत करा. पुढे रानातूनही पैसा येतो. शहापुरातल्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुळवेल विकून चांगलं नाव मिळवलं. आपल्या रानातही बेहडा आहे, गुळवेल आहे, करंज आहे. पण आधी रान उभं राहायला हवं.

भिवंडी शहरातल्या वाचकांनाही सांगायचंय. जुलैत रोपं लावून फोटो काढायला डोंगरावर जाता, त्याऐवजी जानेवारीत या. गवत कापायला दोन हात द्या, नाहीतर एका दिवसाची मजुरी द्या. लावलेली शंभर रोपं एका वणव्यात जातात. राखलेल्या डोंगरावर रोपं आपोआप येतात. मागाच्या चिंध्या आणि गोदामांचं प्लास्टिक रानाच्या कडेला नेऊन पेटवणारे टेम्पो कुणाचे, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असतं. त्यांना थांबवा. वज्रेश्वरीला दर्शनाला जाल, कुंडांत अंघोळ कराल, तेव्हा चूल मांडलीच तर निघण्याआधी पाणी ओतून राखेत हात घालून पाहा. आणि मृगात मंडईत शेवळं-करटोली घेऊन बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. ती पहाटे डोंगर चढून, काटे काढत ती भाजी आणते. रान टिकलं तरच पुढच्या वर्षी तिच्या टोपलीत काही असेल.

पाड्यावरच्या मंडळींनो, पौष सरायच्या आत नोटीस लावा. दवंडी द्या, फोन करा, पोरांकरवी घराघरात निरोप पाठवा. सभा शाळेच्या पटांगणात घ्या, बायांना सोयीच्या वेळी घ्या. वहीत विषय एक लिहा: जाळरेषा, कोणत्या दिवशी, कोणत्या हद्दीवर, घरटी कोण येणार. विषय दोन: नमुना 'क'. आणि सभा संपल्यावर, उजेड आहे तोवर, सगळे मिळून त्या हद्दीवरून एकदा चालून या.